स्नानाचे पाणी आणि पन्नास रुपयांची सूट

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी कर्नाटकातील घरांतून एक लहानसा सण पाळला जातो. कन्नडमध्ये त्याला ‘नीरु तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरण्याचा सण, असे म्हणतात. न्हाणीघरातील तांब्याचा हंडा चिंचेने घासून लख्ख करावयाचा, त्याला हळदकुंकू लावून फुले वाहावयाची, तो नव्या पाण्याने भरून ठेवावयाचा आणि पहाटे त्याखाली जाळ करून घरादाराने अभ्यंगस्नान करावयाचे. आपल्या महाराष्ट्रातही पितळी बंबाला असाच मान होता. शेगडीतील निखारे फुंकता फुंकता ज्यांचे डोळे चुरचुरले आहेत, त्यांना त्या गरम पाण्याची किंमत ठाऊक होती. कारण ते पाणी लाकूड फोडून आणि धूर सोसून मिळत असे.

आज बंगळूरमध्ये राहणारा माझ्यासारखा नोकरदार भिंतीवरचे बटण दाबतो आणि दहा-पंधरा मिनिटांत बादली भरून घेतो. जाळ दिसत नाही आणि धूरही दिसत नाही. परंतु तो दिसत नाही म्हणून तो नाहीच, असे मात्र नव्हे. तो शेकडो मैल दूर, रायचूरच्या औष्णिक केंद्रात कोळशाच्या रूपाने निघत असतो. या अदृश्य धुराचा भार कमी व्हावा म्हणून सरकारे आणि वीज कंपन्या नागरिकाला काही सवलती देतात. त्या का दिल्या जातात, कशा दिल्या जातात आणि त्यांचा खरा उपयोग केव्हा होतो, याचा विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम थोडे गणित पाहू. एक बादली म्हणजे सुमारे २० लिटर पाणी धरू. बंगळूरच्या हिवाळ्यात नळाचे पाणी २२ अंश सेल्सियस असले आणि स्नानाला ४२ अंशांचे लागत असले, तर २० लिटर पाणी २० अंशांनी तापविण्यास ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी उष्णता असते. तेव्हा एका बादलीला जवळजवळ अर्धे युनिट लागले. चौघांच्या कुटुंबात रोज दोन युनिटे आणि महिन्याला साठ. युनिटला सहा रुपये धरले, तर महिना साडेतीनशे रुपयांहून अधिक खर्च केवळ स्नानाचा झाला.

पण वीज कंपनीची खरी चिंता या साठ युनिटांची नसून ती कोणत्या घटकेला मागितली जातात याची असते. दिवाणखान्यातील दिवा कोणी सहाला लावतो, कोणी आठला. गिझर मात्र सारे शहर सकाळी सहा ते नऊ या वेळातच लावते, कारण कचेऱ्या आणि शाळा सर्वांच्या एकाच वेळी भरतात. एक लाख घरांत दोन किलोवॅटचे गिझर एकदम सुरू झाले, तर २०० मेगावॅटची मागणी उभी राहते. रायचूरच्या जुन्या संचांपैकी एका संचाची क्षमता २१० मेगावॅट आहे. म्हणजे एक लाख कुटुंबांच्या आंघोळीसाठी एक संपूर्ण संच राबवावा लागणार, आणि आंघोळी उरकल्यावर ती मागणी ओसरणार. वीज ही धान्यासारखी कोठारात सहजासहजी साठत नाही. त्यामुळे दोन-तीन तासांच्या गर्दीसाठी यंत्रे, तारा आणि रोहित्रे वर्षभर पोसावी लागतात.

ज्या शहरात ही अडचण उभी राहिली, त्याचा विजेशी संबंध फार जुना आहे. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली आणि १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. त्या काळी विजेने पाणी तापविण्याची कल्पना कोणाला चैनीची वाटली असती. पुढे शहर वाढले, सरपणाच्या वखारी बंद झाल्या, सदनिकांच्या न्हाणीघरांतून चूल गेली आणि तिची जागा गिझरने घेतली. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहराची हवा अशी की, उन्हाळ्याचे थोडे दिवस सोडले तर बाराही महिने ऊन पाण्याची बादली हवीशी वाटते. त्याच हवेची दुसरी देणगी म्हणजे ऊन. जून ते ऑगस्टचे ढगाळ दिवस वगळता गच्चीवर सूर्य बहुधा हजर असतो. त्यामुळे येथील गच्च्यांवर सौर बंब जितक्या लवकर आणि जितक्या दाटीने दिसू लागले, तितके ते देशातील फार थोड्या शहरांत दिसले असतील.

या सौर बंबासाठी शासनाने कोणकोणते मार्ग चोखाळले, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. पहिला मार्ग स्वस्त कर्जाचा. २००५ च्या सुमारास केंद्र सरकारच्या योजनेतून बँका घरगुती ग्राहकाला सौर बंबासाठी अवघ्या २ टक्के व्याजाने कर्ज देत. दुसरा मार्ग थेट अनुदानाचा. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले आणि त्यात सौर बंबाच्या ठरावीक किमतीवर ३० टक्के अनुदान मिळू लागले; ते २०१४ साली बंद झाले. तिसरा मार्ग करातील सवलतीचा. पुणे महापालिकेने सौर बंब, गांडूळखत किंवा पर्जन्यजलसंचय यांपैकी एक सोय करणाऱ्यास मालमत्ताकरात ५ टक्के आणि दोन सोयी करणाऱ्यास १० टक्के सूट देऊ केली. चौथा मार्ग सक्तीचा. कर्नाटक शासनाने नोव्हेंबर २००७ मध्ये असा आदेश काढला की, शहरांच्या हद्दीत १२०० चौरस फूट वा अधिक भूखंडावर ६०० चौरस फुटांचे वा त्याहून मोठे घर बांधणाऱ्याने सौर बंब बसविलाच पाहिजे. तो नसेल तर नवी वीजजोडणी मिळणार नाही.

पाचवा मार्ग बिलातील सुटीचा, आणि आज मला विशेषेकरून त्याविषयीच बोलावयाचे आहे. बंगळूरला वीजपुरवठा करणारी बेस्कॉम ही कंपनी २००२ साली अस्तित्वात आली. तिच्या दरपत्रकात वर्षानुवर्षे एक कलम छापले जात आले आहे. घरगुती ग्राहकाने सौर बंब बसविला असेल आणि तो वापरात असेल, तर त्याला वापरलेल्या दर युनिटमागे ५० पैसे, परंतु महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये सूट द्यावी. सदनिकांच्या इमारतीत सर्वांचा मिळून एक मोठा बंब असला, तरी दर कुटुंबामागे किमान १०० लिटरची सोय असल्यास प्रत्येकाला ही सूट लागू होते.

वरवर पाहता ही गोष्ट विचित्र वाटते. जो व्यापारी आपला माल कमी खपावा म्हणून गिऱ्हाइकाला पैसे देतो, त्याला आपण वेडा म्हणू. पण सकाळच्या गर्दीतील युनिट पुरविण्यास कंपनीला जो खर्च येतो, तो त्या युनिटच्या विक्रीतून वसूल होईलच असे नाही. ते युनिट मागितलेच न जाणे तिला अधिक परवडते. म्हणून सवलत हा दानधर्म नव्हे. ग्राहकाने न वापरलेल्या विजेची ती किंमत आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की, कोणतीही सवलत योग्य आहे की अयोग्य हे पारखणे सोपे जाते.

या कसोटीवर ते पन्नास रुपये घासून पाहू. सूट मिळते ती वाचविलेल्या युनिटांवर नव्हे, वापरलेल्या युनिटांवर. ज्या काटकसरी घरात महिन्याला चाळीस युनिटे जळतात, त्याला वीस रुपये मिळणार. ज्या घरात शंभर किंवा तीनशे जळतात, त्याला पूर्ण पन्नास मिळणार. दुसरे असे की, २००७ नंतर बांधलेल्या बहुतेक मोठ्या घरांना सौर बंब बसविणे भागच होते. जे कायद्याने करावेच लागते, त्यासाठी प्रलोभनाची गरज उरत नाही. त्यानंतर २०२३ साली राज्य शासनाची ‘गृहज्योती’ योजना आली आणि मर्यादेत वापर ठेवणाऱ्या कुटुंबांना २०० युनिटांपर्यंत वीज विनामूल्य मिळू लागली. ज्या घराचे बिल शून्य येते, त्याला पन्नास रुपयांच्या सुटीचे आकर्षण कसे राहावे? ज्या गरजू घरांना गृहज्योतीचा आधार मिळाला, त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. पण एका हाताने वीज वाचविण्याचे बक्षीस द्यावे आणि दुसऱ्या हाताने ती विनामूल्य द्यावी, तर पहिल्या हाताचे काम निष्फळ होते, एवढे खरे.

तथापि सर्वांत मोठे वैगुण्य मला दरपत्रक वाचून नव्हे, तर माझ्याच घरात समजले. आणि ते सांगताना थोडा संकोच वाटतो. आम्ही भाड्याच्या घरात राहतो. गच्चीवर सौर बंब आहे आणि बिलावर सुटीचे पन्नास रुपये दर महिन्याला वजा होऊन येत. एके दिवशी मी माझ्या मुलीला बिल कसे वाचावे हे समजावून सांगत होतो. स्थिर आकार, वीज आकार, कर असे करीत आम्ही त्या ओळीपाशी आलो. ती म्हणाली, “बाबा, आपला बंब तर कधीचा बंद आहे. मग हे पन्नास रुपये कशाचे?”

मला उत्तर देता येईना. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार साचून बंबाच्या नळ्या तुंबल्या होत्या, त्याला दीड वर्ष उलटले होते. तेव्हापासून आम्ही गिझरच वापरीत होतो. मी सरकारी नोकर. लोकांच्या अर्जांतील चुका दाखविणे हा माझा रोजचा उद्योग. आणि बंब ‘वापरात असेल तर’ या तीन शब्दांकडे डोळेझाक करून मी अठरा महिन्यांचे नऊशे रुपये विनातक्रार घेतले होते. फसविण्याचा हेतू नव्हता, हे खरे. परंतु ती ओळ मी दर महिन्याला वाचीत होतो, हेही तितकेच खरे.

मी घरमालकीण आजींकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारले, “अहो, गरम पाणी तुम्ही वापरणार, बिल तुमचे कमी होणार, मग दुरुस्ती मी का करायची?” त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. बंबाचा मूळ खर्च त्यांनी केला होता आणि सूट मात्र बिल भरणारा भाडेकरू म्हणून मला मिळत होती. उलट माझ्या मनात असे की, घर दुसऱ्याचे, उद्या बदली झाली तर हा खर्च वाया जाणार. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मध्ये बंब बंद! बंगळूरसारख्या भाडेकरूंच्या शहरात ही गोष्ट घरोघरची असावी. शेवटी आम्ही खर्च निम्मा निम्मा वाटून घेतला. माझ्या निम्म्यात मी ते नऊशे रुपयेही मनातल्या मनात धरले. पण त्यामुळे हिशेब पुरता चुकता झाला, असे मी म्हणणार नाही.

यावरून असे दिसते की, वस्तू बसविण्याला दिलेली सवलत आणि ती वापरण्याला दिलेली सवलत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खरेदीच्या वेळी मिळणारे अनुदान मालकाच्या हाती पडते, म्हणून ते वस्तू बसविण्यास उपयोगी पडते. पण पुढे वस्तूची निगा राहते की नाही, हे ते पाहू शकत नाही. बिलातील सूट वापरणाऱ्याच्या हाती पडते; पण ती देताना वापराची खात्री करून घेतली नाही, तर ती केवळ सवयीने छापली जाणारी ओळ होऊन बसते.

हा प्रश्न आता नव्या रूपाने आपल्यापुढे येत आहे, म्हणून तो मांडण्याची निकड वाटते. शहरात दहा-पंधरा मजल्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. अशा इमारतीत कुटुंबे शंभर आणि गच्ची एक! प्रत्येकाचा सौर बंब तेथे मावत नाही. अशा ठिकाणी ‘हीट पंप’ नावाचे यंत्र उपयोगी पडते. त्याचे तत्त्व समजण्यास आपल्या घरातील फ्रीज पुरेसा आहे. फ्रीजच्या मागे किंवा बाजूला हात लावून पाहा, ऊब लागेल. आतील उष्णता उपसून बाहेर टाकणे, एवढेच ते यंत्र करते. हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता उपसून टाकीतील पाण्यात सोडतो. विहिरीचे पाणी उपसणारा पंप जसा पाणी निर्माण करीत नाही, तसाच हा पंप उष्णता निर्माण करीत नाही, ती केवळ एका जागेहून दुसरीकडे नेतो. म्हणून विजेच्या एका युनिटमागे पाण्याला सुमारे तीन युनिटांइतकी उष्णता मिळू शकते. लॉर्ड केल्व्हिन म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८५२ सालीच ही कल्पना मांडली होती.

यात जादू काही नाही. औष्णिक केंद्रात कोळशाच्या तीन भाग उष्णतेतून सुमारे एक भाग वीज हाती येते. गिझर त्या एका भागाची पुन्हा एक भाग उष्णताच करतो. हीट पंप गमावलेले दोन भाग भोवतालच्या हवेतून परत मिळवितो, इतकेच. आपल्या चौघांच्या कुटुंबाची रोजची दोन युनिटे मग पाऊण युनिटाच्या आत येतात. हवा जितकी उबदार तितके हे काम सोपे, म्हणून बंगळूरची हवा त्याला मानवते. याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. त्याची किंमत गिझरच्या अनेक पट असते, तो पाणी सावकाश तापवितो आणि त्याला मोकळी हवा लागते.

थंड देशांत याच यंत्राने संपूर्ण घर उबदार ठेवतात आणि त्यासाठी सरकारे मोठ्या सवलती देतात. लंडनला किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांकडून आपण त्याविषयी ऐकले असेल. ब्रिटनमध्ये २०२२ साली ५,००० पौंडांचे अनुदान सुरू झाले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ते ७,५०० पौंडांवर नेण्यात आले. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने खर्चाच्या ३० टक्के, पण वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर, आयकरात वजा करून मिळू लागले. मात्र पुढील कायद्याने ती सवलत २०२५ च्या अखेरीस संपविली. सवलतीच्या भरवशावर घरबांधणीचा बेत आखणाऱ्याने यातून बोध घ्यावा. सवलती येतात आणि जातात. यंत्र पंधरा वर्षे आपल्या घरात राहावयाचे असते.

बेस्कॉमच्या दरपत्रकातील ते जुने कलम सौर बंबाला उद्देशून लिहिले गेले. त्या वेळी गच्ची प्रत्येकाच्या डोक्यावर होती. आज त्यामागील हेतू जपावयाचा, तर यंत्राच्या नावापेक्षा सकाळची किती वीज वाचली हे मोजले पाहिजे. हीट पंपाचा विशेष असा की, तो दुपारी चालवून पाणी टाकीत तापवून ठेवता येते. २०२४ साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत छतावरील सौर विजेसाठी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. हे अनुदान घेऊन ज्याने छतावर वीज निर्माण केली, तो दुपारच्या त्या विजेवर दुसऱ्या सकाळचे स्नान तापवून ठेवू शकतो. मोजणीही आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही, कारण कोणत्या तासाला किती वीज घेतली हे सांगणारे मीटर उपलब्ध आहेत. सकाळी सहा ते नऊ या वेळात ज्याने खरोखर कमी वीज घेतली, त्याला सूट द्यावी; मग ती त्याने सूर्याच्या बळावर वाचविली, हवेच्या बळावर वाचविली की आंघोळीची वेळ बदलून वाचविली, हे विचारण्याचे कारण नाही. अशी सूट घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील अडचणही थोडी सोडवील, कारण ती वस्तूच्या मालकीला चिकटलेली नसेल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हाती असलेले काम सोपे आहे. आपले बिल ओळीओळीने वाचावे. नव्या वर्षाचे दरपत्रक निघाले की आपल्याला लागू होणारे कलम पाहून घ्यावे, आणि अनुदानाचे आश्वासन विक्रेत्याच्या तोंडून न घेता मूळ आदेशात तपासावे. सौर बंब असेल तर त्याच्या काचा पुसाव्यात, आणि पाणी जड असेल तर नळ्यांतील क्षार वेळोवेळी काढून घ्यावेत. भाड्याचे घर घेताना पंखे आणि दिवे मोजतो, तसा गच्चीवरचा बंब चालू आहे की नाही, आणि बिघडल्यास खर्च कोणी करावयाचा, हेही करारात लिहून घ्यावे.

आमचा बंब आता चालू आहे. गेल्या दिवाळीत पाणी भरण्याच्या सणाला आजींनी आपला जुना तांब्याचा हंडा माळ्यावरून काढून घासला आणि आमच्या मुलीच्या हाताने त्यात गच्चीवरच्या बंबाचे कढत पाणी भरविले. हळदकुंकू हंड्याला लागले आणि त्यातले एक बोट आजींनी वर जाऊन सौर बंबाच्या टाकीलाही लावले. दुसऱ्या महिन्याचे बिल आले तेव्हा मुलीने पन्नास रुपयांची ती ओळ मला मोठ्याने वाचून दाखविली. या वेळी तिने काही विचारले नाही.